कुठे चाललात, असं विचारू नये

खोली बघायला गेलो तेव्हा घरमालक काकांनी मला एकच प्रश्न विचारला. पगार किती, मासे-मटण खाणार का, मित्र येऊन राहतात का, यातलं काही नाही. त्यांनी विचारलं, "घरातून निघताना काय म्हणता? जातो की येतो?"

मी चिपळूणचा. निघताना 'जातो' म्हटलं असतं तर आईने पाठीत धपाटा घातला असता. मी म्हणालो, "येतो म्हणतो." काकांनी लगेच किल्ली माझ्या हातावर ठेवली. माझ्या आधीचा भाडेकरू 'चलो, बाय' म्हणायचा आणि तेवढ्यासाठी त्याला खोली सोडावी लागली होती, हे मला पुढे तळमजल्यावरच्या काकूंकडून कळलं.

घर मुलुंड पूर्वेला, तिसऱ्या मजल्यावर. इमारतीला लिफ्ट नव्हती आणि रिडेव्हलपमेंट होणार म्हणून कोणी रंगही लावत नव्हतं. दोन खोल्या काकांच्या, एक माझी, स्वयंपाकघर दोघांचं. काका सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. बायको वारली त्याला बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. दिंडोशीला एक धाकटा भाऊ होता, पण त्याच्याशी बोलणं बंद. घरात एक रेडिओ, एक तुळस, आणि एक नियम.

नियम तसा नवा नाही. निघालेल्या माणसाला 'कुठे चाललात' असं विचारू नये, काम होत नाही, हे बहुतेक मराठी घरांत मानतात. आमच्या आईलाही ते पटतं. पण ती पाळण्यापुरतं पाळते आणि विसरण्यापुरतं विसरते. काकांनी त्याचा कायदा केला होता. ते निघाले आणि कोणी 'कुठे' म्हटलं, की ते काही न बोलता मागे फिरायचे, चपला काढायचे, दारामागच्या खुर्चीत बसायचे, घोटभर पाणी प्यायचे. मग थोड्या वेळाने पहिल्यापासून निघायचे. पुन्हा कोणी विचारलं तर पुन्हा आत. एकदा जिन्यात ओळीने तीन शेजारी भेटले, तेव्हा काकांनी दाढीचं सामान आणायला अख्खी सकाळ घालवली होती.

रिक्षाचं तर विचारूच नका. रिक्षावाल्याचा धंदाच 'किधर जाना है' विचारायचा. त्यावर काकांनी तोडगा काढला होता. रिक्षा दिसली की लांबूनच हात वर करून ते 'स्टेशन, स्टेशन' असं म्हणत तिच्याकडे चालत जायचे, म्हणजे त्या बिचाऱ्याला तोंड उघडायची संधीच मिळू नये. मी त्यांना मोबाइलवर गाडी बोलवायला शिकवलं. त्यात ठिकाण लिहून द्यावं लागतं, ते त्यांना फार आवडलं. लिहिलेलं चालतं, म्हणाले. पहिल्याच दिवशी ड्रायव्हरचा फोन आला, "सर, जाना कहाँ है?" काकांनी फोन माझ्या हातात दिला आणि ते खुर्चीत जाऊन बसले.

ते स्वतः कोणालाच विचारायचे नाहीत, हे मला आधी फार झकास वाटलं. मी विक्रोळीच्या ऑफिसातून कधीही येत होतो, कधीही जात होतो. कुठे होतास, कोणाबरोबर होतास, एवढा उशीर का, काही नाही. मित्र म्हणायचे, लॉटरी लागली यार तुला. पण हळूहळू त्याचा त्रास व्हायला लागला. आपण दार ओढून निघावं आणि घरातल्या माणसाने मान वर करूनसुद्धा बघू नये, याने माणूस एकटा पडतो. एकदा आत्या गेल्याचा फोन आला म्हणून मी पहाटे तसाच चिपळूणला निघालो आणि दिवस करून परत आलो. काकांनी कुठे होतास ते विचारलं नाही. "जेवायचंय ना?" एवढंच म्हणाले. मला राग आला होता. दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "बरं झालं आलास रे बाबा. तुझे काका गॅलरीतून हलले नाहीत. रात्रीचा दिवा पण तसाच." मी बुचकळ्यात पडलो. एवढी काळजी होती तर एक फोन करायला काय झालं होतं?

हा नियम एवढा कडक कशामुळे झाला, हेही मला याच काकूंनी सांगितलं. त्यांच्या सांगण्याप्रमाणे, काकांची बायको एका दुपारी बाहेर निघाली होती. काकांनी आतून 'कुठे चाललीस' असं विचारलं, आणि ती त्यानंतर घरी आलीच नाही. रस्त्यात कुठेतरी कोसळली आणि गेली. "तेव्हापासून धसका घेतलाय त्यांनी," काकू म्हणाल्या. सगळी इमारत हेच सांगायची. मलाही ते पटलं होतं, आणि त्यामुळे मी काकांना कधी काही विचारलं नाही.

आता त्या रविवारचं सांगतो. त्या दिवशी काकांच्या दुसऱ्या लग्नाचं ठरायचं होतं. बोरिवलीच्या एक बाई होत्या, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या. आईवडिलांचं करता करता लग्न राहून गेलेलं. आईही गेल्यावर एकट्याच राहत होत्या. कोणाच्या तरी ओळखीने दोघांचं फोनवर बोलणं झालं होतं, आणि आता समोरासमोर बघायचं ठरलं होतं. बाईंना घरी चहा-पोह्यांचा तमाशा नको होता. म्हणून वज्रेश्वरीच्या बाजूला, गरम पाण्याचे झरे असलेल्या एका बागेत भेटायचं. सहज गेल्यासारखं जायचं, पाय शेकायचे, एकमेकांना बघायचं. त्या दिवशी होकार मिळाला तर काकांचं म्हातारपण एकट्याचं राहणार नव्हतं, एवढी साधी गोष्ट होती ती.

तुम्हाला हे मी आधीच सांगून टाकलं. मला कोणीच सांगितलं नव्हतं.

शनिवारी संध्याकाळी काका म्हणाले, "उद्या मोकळा आहेस ना? जरा जाऊन येऊ. पायांना बरं वाटतं." कुठे, हे विचारायची सोय नव्हती. नंतर आईचा फोन आला. रविवारी इस्त्रीचा शर्ट घाल, काका सांगतील तसं वाग आणि जास्त तोंड चालवू नको, म्हणाली. काकांचं आणि आईचं कधी बोलणं झालं, हे मला कळेना. मग मी दोन आणि दोन चार केले. आई वर्षभर माझ्या लग्नाच्या मागे लागली होती. म्हणजे उद्या मला कोणी मुलगी दाखवणार, आणि मी पळून जाऊ नये म्हणून काका मला न सांगता घेऊन जाणार. दोन आणि दोन पाच होतात असंही कधी असतं, हे तेव्हा कुठे माहीत होतं?

सकाळी काका तयार होऊन बसले होते. पांढरा शर्ट, पिशवीत दोन टॉवेल, तिळाच्या वड्यांचा डबा. केसांना रंग लावला होता आणि तो कानाच्या पाळीवर थोडा राहून गेला होता. माझ्या बघण्याच्या कार्यक्रमाला यांनी कशाला केस रंगवायचे, असं मला वाटलं. पण म्हटलं, असेल हौस. ड्रायव्हरला त्यांनी आदल्या दिवशीच सगळं सांगून ठेवलं होतं. त्यामुळे त्या गाडीत कुठे चाललोय हे माहीत नसलेला मी एकटाच होतो. भिवंडी गेली, अंबाडी नाका गेला. काका वाटेत एकदाच बोलले. "आपल्या बाजूचं कोणीतरी लागतं रे बरोबर," म्हणाले. मी मान डोलावली.

बाग तशी साधीच होती. आंब्याची झाडं, मुलांचे झोके, पोटाशी रंग उडालेला सिमेंटचा हत्ती. मागच्या अंगाला दगडी बांधलेली कुंडं, पुरुषांचं वेगळं, बायकांचं वेगळं. आणि त्यांच्यामधून वाहत जाणारा एक उथळ, लांब पाट, ज्याच्या कडेच्या पायऱ्यांवर लोक पाण्यात पाय सोडून बसले होते. साबण लावू नये, अशी पाटी होती आणि तिच्याखालीच एक गृहस्थ साबण लावत होते. वाफेला उकडलेल्या अंड्यांचा वास येत होता.

फाटकापाशी त्या दोघी उभ्या होत्या. बाई उंच, करडे केस घट्ट बांधलेले, सुती साडी. बरोबर त्यांची भाची, असेल तिशी-बत्तिशीची, पंजाबी ड्रेस, डोळ्यांवर गॉगल. बाई म्हणाल्या, "ही माझी भाची." काका म्हणाले, "हा आमचा." बाईंनी वाट बघितली, पण काकांचं वाक्य तेवढंच होतं. मी भाचीकडे बघितलं आणि मनात म्हटलं, वाईट नाही. पण मला लग्नच करायचं नव्हतं, त्याला काय करणार.

पाटावर काका आणि बाई एका टोकाला बसले, मध्ये तिळाच्या वड्यांचा डबा. काकांनी पँट पोटऱ्यांपर्यंत दुमडली होती. दोघंही पाण्याकडे बघत होते. भाची मला घेऊन दुसऱ्या टोकाला आली. तिने पाण्यात पाय बुडवला, चटका बसला म्हणून काढला, आणि सरळ मुद्द्यावर आली.

"घरी स्वयंपाक कोण करतं?"

मी म्हटलं, स्वयंपाक असा नाही, बहुतेक बाहेरूनच मागवतो. तिने मान हलवली. तब्येतीचं काही? शुगर वगैरे? मी म्हटलं, काही नाही, ॲसिडिटी होते मधूनमधून. पिण्याबिण्याचं? मी खरं तेच सांगायचं ठरवलं होतं, म्हणजे तिनेच नाही म्हटलं तर बरं. शनिवारी मित्रांबरोबर बिअर, म्हणालो. ती माझ्याकडे बघतच राहिली. "या वयात?" मला ते लागलं. एकतिसावं म्हणजे काही वय नाही. मग तिने विचारलं, राहतं घर नावावर आहे ना? मी म्हटलं, छे, भाड्याचं आहे. तिने वळून काकांकडे अशा नजरेने बघितलं, की जणू काकांनी कोणाची तरी किडनी विकली असावी. मला काही कळेना. आमच्या आईने स्थळाला काय सांगितलं होतं देव जाणे.

शेवटी ती म्हणाली, "ठीकाय. मावशीला मी काय ते सांगते. पण तुमच्याकडून काय समजायचं?"

अशा वेळी काय म्हणायचं ते आपल्याकडे ठरलेलं आहे. नाही म्हणायचं नसतं, मुलीकडच्यांचा अपमान होतो. "घरी बोलून कळवतो," मी म्हणालो. कळवतो म्हणजे नाही, हे लग्नाच्या घरातल्या लहान मुलालाही माहीत असतं. भाचीने खोल श्वास घेतला, "असं होय," म्हणाली, चपला हातात घेऊन मावशीकडे गेली आणि वाकून तिच्या कानात बोलली.

बाईंचा चेहरा बदलला नाही. त्यांनी पाय पाण्यातून काढले, स्वतःच्या रुमालाने एक एक करून पुसले, चपला घातल्या, पर्स खांद्याला लावली. काकांकडे बघून नमस्कार केला आणि त्या निघाल्या. काका पाण्यातच उभे राहिले. दुमडलेली पँट सुटून भिजत होती.

"कुठे चाललात?" काका म्हणाले.

ते ओरडले नाहीत. नेहमीच्याच आवाजात म्हणाले. पण इतक्या दिवसांत हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकत होतो, तोही निघालेल्या माणसाला, पाठीमागून.

बाई वळल्या. "घरी," म्हणाल्या. "तुमच्याकडून नकार आला ना."

काकांनी माझ्याकडे बघितलं. भाचीनेही बघितलं. आणि तेव्हा, गरम पाण्यात पाय असताना, मी घोट्यापासून कानापर्यंत गार पडलो. केसांचा रंग, तिळाच्या वड्या, 'आपल्या बाजूचं कोणीतरी', सगळं एकदम लक्षात आलं. बघायला आलेला मुलगा मी नव्हतोच. मी मुलाकडची मंडळी होतो. दिंडोशीचा भाऊ येणार नव्हता, दुसरं कोणी नव्हतं, म्हणून काकांनी आमच्या आईची परवानगी मागून मला वडीलधारा म्हणून आणलं होतं. आणि मी त्यांच्या वतीने नाही म्हणून मोकळा झालो होतो. शिवाय त्यांना भाड्याच्या घरात घालून शनिवारी बिअरही पाजली होती.

मी काय बोललो ते मला नीट आठवत नाही. नकार माझा होता, त्यांचा नाही, मला वाटलं मुलगी मला दाखवतायत, बिअर माझी, ॲसिडिटी पण माझी, असं काहीतरी. भाचीने गॉगल काढला. "माझा मुलगा दुसरीत आहे," म्हणाली. ती हसायला लागली, मग थांबली, कारण बाई हसत नव्हत्या. त्या तशाच उभ्या होत्या, पर्स खांद्याला.

"गैरसमज झाला, ठीक आहे," त्या काकांना म्हणाल्या. "पण मी चौकशी केली होती तुमची. तुमच्या घरात कुठे चाललात असं विचारायचं नाही म्हणे. आधीच्या बाईंना तुम्ही विचारलं आणि त्या परत आल्या नाहीत, असं सांगतात लोक. तुमचं दुःख मी समजू शकते. पण मला ते जमायचं नाही. आई गेल्यापासून मी घराबाहेर पडते, घरात येते, कोणी विचारत नाही. आता माणूस घरात असून त्याने विचारू नये, यासाठी मी लग्न कशाला करू?"

बाजूचे साबण लावणारे गृहस्थ साबण तसाच हातात धरून ऐकत होते. काका पाटातून बाहेर आले नाहीत.

"लोक उलटं सांगतात," ते म्हणाले. "मी नव्हतं विचारलं."

मग ते सांगायला लागले. मी त्यांना सलग एवढं बोलताना आधी कधी ऐकलं नव्हतं. त्या दुपारी ते आतल्या खोलीत पेपर वाचत पडले होते. बायकोने चपला घातल्याचा आवाज आला, दाराची कडी वाजली. विचारावंसं वाटलं होतं, पण त्यांच्या आईने लहानपणापासून शिकवलेलं, निघालेल्या माणसाला विचारू नये. ती 'येते हं' म्हणाली आणि गेली. मोबाइल घरीच चार्जिंगला. संध्याकाळ झाली तरी आली नाही. मग त्यांनी मुलुंड पालथं घातलं. मंडई, देऊळ, स्टेशन, तिच्या दोन्ही मैत्रिणी. रात्रभर. ती सकाळी सापडली, घाटकोपरच्या हॉस्पिटलात. रस्त्यात चक्कर येऊन पडली होती, लोकांनी उचलून नेलं होतं. रात्रभर होती. शुद्ध येत होती, जात होती. पहाटे गेली.

"मी मुलुंडात शोधत होतो," काका म्हणाले. "ती घाटकोपरला. तिथे तिचं कोणी नव्हतं. कशाला गेली होती, मला अजून माहीत नाही."

बाई म्हणाल्या, "मग त्यानंतर तरी हा नियम सोडायचात. उलट जास्तच धरलात."

काकांनी पाण्याकडे बघितलं. "नियम खोटा म्हटला," ते म्हणाले, "तर मग मी तिला विचारलं का नाही?"

मला त्या क्षणी काकांचा इतका राग आला आणि इतकी माया आली, की यातलं काय खरं ते मला आजही ठरवता येत नाही. गॅलरीत दिवा लावून बसलेला माणूस एका फोनने सुटला असता. आणि तोच माणूस आत्ता भर बागेत, जिला जाऊ द्यायचं नव्हतं, तिला नको तो प्रश्न विचारून बसला होता. त्यांनी नियम मोडला, का घाबरून शब्द निसटला, हेही मला कळलेलं नाही. पुढे एकदा मी विचारलं, तर म्हणाले, "पाय फार भाजत होते रे."

बाई दोन पावलं मागे आल्या. पायरीवर बसल्या नाहीत, उभ्याच राहिल्या.

"इथून गाडीने बोरिवलीला जाणार," त्या सावकाश म्हणाल्या, पत्ता समजावून सांगावा तशा. "शिरसाडवरून, पुढे हायवेने. हिचं घर आधी लागतं, ती उतरेल. मग मी कोपऱ्यावर उतरेन, दूध घेईन. मग घरी. घरी कोणी नसतं."

काका नीट ऐकत होते. चुकलो तर परीक्षेत नापास होऊ, असं त्यांच्या तोंडावर होतं.

"दूध किती घेता?" त्यांनी विचारलं.

"अर्धा लिटर," बाई म्हणाल्या. "एकटीला तेही उरतं."

भाचीने माझ्या बाहीला धरून ओढलं. आम्ही दोघं, म्हणजे मुलाकडची आणि मुलीकडची सगळी वडीलधारी मंडळी, अनवाणी चहाच्या टपरीकडे चालू लागलो. तिथे आता आमचं काही काम नव्हतं.